तीन खुर्च्या आणि एक अंगठा

सरांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मी चुकीच्या खुर्चीत बसले.

जयपूरच्या मानसरोवर भागातला हाउसिंग बोर्डाचा तळमजल्याचा फ्लॅट. बाहेरच्या खोलीत बसायला तीनच गोष्टी होत्या: एक ऐसपैस वेताची आरामखुर्ची, एक ताठ पाठीची लाकडी खुर्ची आणि एक मुढा. मुढा म्हणजे इकडे राजस्थानात सरकंडा नावाच्या जाड गवताचं, डमरूच्या आकाराचं बुटकं, बिनपाठीचं स्टूल मिळतं ते. उन्हातून चालत आले होते, आरामखुर्ची दिसली आणि मी बसले. सर आतून आले, मला बघून थबकले.

"तिथं बसलीस होय? बरं. मग सांग, तू आल्यामुळं कुणाकुणाचं भलं झालं?"

"सर, मी असाइनमेंट द्यायला आलेय."

"म्हणजे तुझं भलं झालं. माझी झोप मोडली. काकूंना चहा टाकावा लागणार. आता बेरीज-वजाबाकी करून सांग, आलीस ते बरं झालं की वाईट?"

आतून काकूंचा आवाज आला, "चहा कधीच टाकलाय मी. घाबरू नको गं पोरी, दूधवाल्यालासुद्धा असंच करतात."

त्या तीन बैठकींचं प्रकरण मला पुढे कळलं. सर आमच्या कॉलेजात 'व्यवसाय आणि नीती' नावाचा विषय शिकवत आणि त्या विषयातले तीन मोठे पंथ त्यांनी घरात फर्निचर म्हणून मांडून ठेवले होते. आरामखुर्ची परिणामांची. तिच्यात बसलं की एकच बघायचं, या व्यवहारानं किती जणांचं भलं होतंय आणि किती जणांचं वाईट. लाकडी खुर्ची कर्तव्याची. तिच्यात बसताना नफा-तोटा चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचा आणि विचारायचं, मी करतोय ते उद्या सगळेच करायला लागले तर चालेल का? समोरच्याला मी माणूस समजतोय, की नुसती पायरी? आणि मुढा स्वभावाचा. हेच काम रोज करून करून मी कसला माणूस होत जाणार, एवढा एकच प्रश्न मुढ्यावर. मुढा एका बाजूनं डुगडुगायचा. तो दुरुस्त करून घ्या असं कुणी म्हटलं की सर म्हणत, "नको. स्वभावावर रेलून बसता येत नाही, एवढं त्यानं लक्षात राहतं." आज तो मुढा माझ्याकडे आहे आणि अजून तस्साच डुगडुगतो.

घरातला कुठलाही निर्णय या तिन्ही ठिकाणी बसून, मोठ्यानं वाद घालून व्हायचा. वादी तेच, प्रतिवादी तेच, न्यायाधीशही तेच. कूलर घ्यायचा की नाही यावर एकदा अख्खा मे महिना गेला. गल्लीत पाण्याचा टँकर एक दिवसाआड यायचा, मग आपल्या गारव्यासाठी चार बादल्या पाणी उडवणं बरोबर का, असा खटला होता. लाकडी खुर्चीत निकाल अडकून पडला. शेवटी काकू एका सकाळी रिक्षा करून गेल्या आणि कूलर घेऊन आल्या. वर शेजारच्या आजारी म्हाताऱ्यांना दुपारी आपल्याकडेच येऊन झोपा म्हणून सांगून आल्या. सर मला अभिमानानं म्हणाले, "तुझी काकू म्हणजे चौथा पंथ आहे. फक्त तिला बसायला सवड नाही, ती ओट्यापाशी उभी असते."

काकू म्हणाल्या, "मला तिथून सगळं दिसतं."

कॉलेज मानसरोवरातच, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं. दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. गल्लोगल्ली एमबीए निघालं होतं. वर्गात संगमरवरवाल्यांची, जवाहिऱ्यांची, साडीवाल्यांची मुलं. धंदा त्यांना घरी बसून येत होता, पदवी लग्नपत्रिकेवर छापायला हवी होती. नीतीचा तास शनिवारी शेवटचा. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या घरचा चादरी परदेशी पाठवण्याचा कारखाना होता. तो गाडीतून यायचा म्हणून आम्ही त्याला कुंवर, म्हणजे राजपुत्र, म्हणत असू. स्वभावानं दिलदार, डबा नेहमी दुसऱ्याला देऊन टाकणारा. पहिल्याच तासाला तो उठून म्हणाला, "सर, धंधे में सब चलता है."

सरांचं हिंदी सांगलीहून निघून जयपूरला कधी पोचलंच नव्हतं. ते म्हणाले, "चलता है वो मालूम है मेरे को. जाता किधर है, वो बताव."

वर्ग हसला, कुंवरही हसला. पुढे वर्षभर कुणी काही लबाडीचं बोललं की सगळा वर्ग एका सुरात "जाता किधर है" म्हणून ओरडायचा.

एका शनिवारी त्यांनी आम्हाला पुस्तकं मिटायला लावून भाजीबाजारात नेलं. प्रत्येकानं टोमॅटोवाल्याला एकच प्रश्न विचारायचा: यातले खराब कुठले? सगळ्या गाड्यांवर एकच उत्तर मिळालं, एक बी खराब कोनी, एकही खराब नाही. फक्त कोपऱ्यात जमिनीवर बसलेल्या एका बाईनं मऊ पडलेले टोमॅटो आधीच वेगळे काढून ठेवले होते. ती म्हणाली, ये चटनी के हैं, सलाद में मत डालना. सरांना तिथंच पाझर फुटला. "बघा. जाहिरात, कायदा, ग्राहक, सगळे धडे या बाईनं दोन ढिगांत उरकले. जे आहे ते सांगून विकायचं." त्या दिवसापासून सर तिच्याकडून चटणीच्या ढिगातलेच टोमॅटो घेऊ लागले, कारण अशा बाईचा चटणीचा ढीग पडून राहणं त्यांना बघवेना. काकू मला म्हणाल्या, "तीन महिने चटणी खातोय आम्ही. नीती आंबट असते बघ."

सर मुळात मास्तर नव्हतेच. विमा कंपनीत दावे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. तत्त्वज्ञानाची एमए त्यांनी बाहेरून परीक्षा देऊन केली होती. बदलीवर जयपूरला आले आणि इथल्या कोरड्या हवेत काकूंचा दमा थांबला म्हणून निवृत्तीनंतरही राहिले. खोटं बोलणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती, पण चिडून कुणाबद्दल बोलत नसत. बस्सीकडच्या एका माणसाची गोष्ट ते फार रंगवून सांगत. त्यानं म्हैस मेल्याचा दावा लावला होता आणि पुरावा म्हणून नियमाप्रमाणे बिल्ल्यासकट तिचा कान पाठवला होता. सर चौकशीला गेले तर अंगणात एका कानाची म्हैस रवंथ करत उभी. सर म्हशीकडे बघतायत, म्हैस सरांकडे. मालक हात जोडून म्हणाला, "साहब, ये उसकी बहन है."

"मग तुम्ही काय केलंत?" आम्ही विचारायचो.

"मी काय करणार? ऊन मरणाचं. त्यानं ताक दिलं, ते मी पिऊन टाकलं. गटागट दोन पेले. आणि मग ध्यानात आलं, ताक कुणाचं? मेलेल्या म्हशीचं! म्हणजे मी लाभार्थी झालो की." दावा त्यांनी नामंजूर केला, पण ताक प्यालो असं अहवालात लिहिलं. वरिष्ठांनी ती ओळ खोडली. सरांना त्या खोडण्याचं दुःख म्हशीपेक्षा जास्त होतं.

असे हे सर, आणि त्यांना साखरेचा आजार. श्रावणात तीजेच्या सणाच्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी घेवराचे थाळे लागत. मधाच्या पोळ्यासारखी जाळी असलेली, पाकात बुडवलेली ती मिठाई बघितली की सरांचा पाय उचलत नसे. एकदा मीच त्यांना दुकानाच्या खांबाआड पकडलं. ओशाळून म्हणाले, "तिन्ही खुर्च्यांत बसून बघितलं गं. एकीतही परवानगी मिळाली नाही. म्हणून उभ्यानं खातोय." आणि उरलेला अर्धा मला देऊन, काकूंना सांगू नकोस म्हणाले. मी सांगितलं नाही. काकूंना ओट्यापाशी उभं राहून तेही दिसलं असणारच.

आता माझं सांगते, कारण सरांची खरी ओळख मला माझ्या लबाडीमुळं झाली.

आमचे बाबा रेल्वेत. आम्ही मूळ नागपूरचे, बदलीनं जयपूरला आलेले, रेल्वेच्या क्वार्टरात राहणारे. घरी भिंतीवर बुद्धाचा फोटो, रविवारी सकाळी वंदना. कॉलेज संपल्यावर कुंवरनंच मला नोकरी दिली. सांगानेरच्या बाजूला त्यांची मोठी शेड होती. तिथं बत्तीस माणसं लांबलचक टेबलांवर जाळीच्या चौकटीतून रंग ओढून चादरी छापत. या कामाला स्क्रीन म्हणतात. भराभर होतं आणि एकसारखं होतं. परदेशातल्या गिऱ्हाइकाला मात्र जयपूरजवळच्या बगरू गावच्या हातच्या कामाचं वेड. बगरूला छीपे, म्हणजे कापड छापणारे कारागीर, पिढ्यान् पिढ्या लाकडी ठशांनी एकेक बुट्टी उमटवतात. हातच्या कामात कुठे ठसा तिरपा पडतो, कुठे जोड चुकतो, आणि तेवढ्यावरून ते हातचं असं ओळखतात. स्क्रीनची चादर फार शहाणी दिसायची.

कुंवर मला म्हणाला, "तेरी ड्रॉइंग अच्छी है यार. थोड़ी गलतियाँ डाल दे."

म्हणून माझं काम ठरलं: चुका रेखाटणं. हसू येईल, पण मी त्यात फार वाकबगार झाले. बगरूहून आणलेला एक अस्सल नमुना समोर ठेवायचा आणि त्यातल्या चुका बारीक ब्रशनं ट्रेसिंगवर उतरवायच्या. त्या नमुन्यात एक बुट्टी डावीकडं कललेली होती आणि तिच्याशेजारी रंगाच्या अंगठ्याचा अर्धवट डाग होता, मध्येच तिरपी रेघ असलेला. तो डाग तर मी असा उतरवला की कुंवर टाळ्या वाजवायला लागला. चादरीला लेबल लागायचं, 'बगरूची, हाताने ठसे उमटवलेली'. माल खपायला लागला. माझा पगार वाढला. आई एकदा मी घरी आणलेलं काम बघून म्हणाली, "काय करून राहिली तू? चांगलं काढून वरतून बिघडवते काऊन?" मी म्हटलं, डिझाइन आहे, मतलब फॅशन. रविवारी वंदनेत खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की मी जरा घाईनं पुढे जायची.

आणि पगारवाढीच्या आनंदात मी त्यातलीच एक चादर सरांना नेऊन दिली. म्हटलं, "सर, बगरूची आहे."

सरांना केवढा आनंद झाला! चादर पलंगावर अंथरून ते तिच्याभोवती फिरले. अंगठ्याचा डाग सापडला तेव्हा काकूंना हाक मारून दाखवला. पुढचे तीन आठवडे मी गेले की त्या अनोळखी छीप्याचाच विषय. "हा माणूस किडकिडीत असणार. मिशा असणार. हा ठसा मारताना त्याला लेकीचं लग्न आठवलं, हात कलला, मग सावरायला गेला नि अंगठा लागला. इतक्या घाईच्या बाजारात एक माणूस क्षणभर लेकीचा विचार करतोय, आणि तो क्षण माझ्या पलंगावर आहे!" मी मान डोलवायची आणि चहा लवकर संपवायची. खरं काय ते मी सांगितलं नाही. आज सांगते, त्या तीन आठवड्यांची मला अजून लाज वाटते.

मग सरांना चिकनगुनिया झाला. अंग धरलेलं, दिवसभर पलंगावर पडून. करमत नाही म्हणून चादर न्याहाळत बसले. दावे तपासणाऱ्याचीच नजर ती. दीड हातावर त्यांना दुसरा अंगठा सापडला. आणखी दीड हातावर तिसरा. सगळे मिळून नऊ.

मला निरोप आला. मी गेले तर सर कण्हत बाहेरच्या खोलीत येऊन उभे. म्हणाले, "माणूस चुकतो गं. पण तीच चूक, त्याच जागी, नऊ वेळा, केसाचा फरक न पडता? इतकं नेमानं माणसाला चुकता येत नाही. बस. आरामखुर्चीपासनं सुरू कर."

मी सगळं सांगितलं. मग, खरं सांगायचं तर, मला रागही आला. आरामखुर्चीत बसून मी तावातावानं म्हणाले, "सर, शेडमध्ये बत्तीस घरं चालतात. गिऱ्हाइकाला चादर आवडते, स्वस्त पडते. तुम्हीसुद्धा तीन आठवडे खूश होतात. कुणाचं काय बिघडलं?"

सर म्हणाले, "या खुर्चीत तू जिंकलीस. पैकीच्या पैकी. आता उठ."

लाकडी खुर्चीत मला दोन मिनिटंही बसवलं नाही. सगळ्यांनीच कशावरही 'हाताचं' लिहायला सुरुवात केली तर त्या शब्दावर कोण विश्वास ठेवील, असं त्यांनी विचारलं. लेबल वाचून चादर घेणारी बाई या खोलीत असती तर तुझ्या तोंडानं तिला हे सांगशील का, असंही विचारलं. मी उठले. मुढ्यावर बसले तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला.

"रोज किती वेळ चुका काढतीस?"

"चार-पाच तास."

"आता न ठरवतासुद्धा हात चुकत असेल."

"हो, सर."

"आणि मला ही देताना काय म्हणालीस?"

मला रडूच फुटलं. मुढा डुगडुगला आणि मी पडता पडता वाचले. सरांना रडणं सहन होत नसे. ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात काकू हात पुसत बाहेर आल्या. "तुम्ही दोघं मघापासनं बत्तीस माणसांबद्दल बोलताय, त्या परदेशी बाईबद्दल बोलताय, हिच्या स्वभावाबद्दल बोलताय. ज्याचा अंगठा आहे त्याला कुणी विचारलं का?"

सरांनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं बगरूला गेलो. सरांचे गुडघे अजून धरलेले, चादर पिशवीत. नमुना कुठून आणला ते मला आठवत होतं. अंगणभर ओली कापडं वाळत होती, गंजलेलं लोखंड आणि गूळ कुजवून केलेल्या काळ्या रंगाचा वास सुटला होता, आणि आत टेबलापाशी एक छीपेबाबा ठसे मारत होते. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाबा चांगले गोलमटोल, मिशा सफाचट, आणि बोलता बोलता कळलं की लग्नच केलेलं नाही.

मी चादर पसरली. बाबांनी ती उलटी केली, बोटानं चाचपली आणि हसले. "स्क्रीन है." मग कललेल्या बुट्टीपाशी थांबले. आपला उजवा अंगठा पुढं केला. त्याच्यावर जुन्या जखमेची तिरपी रेघ होती. तो त्यांनी डागावर ठेवला. बरोब्बर बसला.

"या गलती तो म्हारी छै," ते म्हणाले. ही चूक तर माझीच. आणि इतके हसले की पोट हलायला लागलं. कुठल्याशा दुपारी माशी बसली, तिला हाकलताना ठसा कलला होता. लेक-बिक काही नाही. सरही हसले. मग बाबांनी दुसऱ्या डागावर अंगठा ठेवला, तिसऱ्यावर ठेवला, आणि हसणं हळूहळू थांबलं. अशा किती चादरी, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, हजारो.

त्यांनी चादरीवरून हात काढून घेतला. मग माझ्याकडं बघून अगदी शांतपणे म्हणाले, "बेटी, मैं पढ़ा-लिखा नहीं. अंगूठा सोच के लगाता हूँ. आज तक दो ही कागज पर लगाया, जमीन के और भाई के बँटवारे के. तूने तो हजार जगह लगवा दिया, बिना पूछे."

रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आम्हाला चहा दिला. परतताना बसमध्ये सर एकच वाक्य बोलले, "कुठल्याच खुर्चीत मला हे सुचलं नसतं."

पुढच्याच आठवड्यात चादरी घेणाऱ्या परदेशी बाई येणार होत्या, आणि त्यांना बगरूला नेऊन, हेच पाहा तुमचा माल करणारे कारागीर, असं दाखवायचं काम माझ्याकडं होतं. मी कुंवरच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, लेबल बदल, नाहीतर मी बाईंना खरं सांगणार. त्यानं मला बसही म्हटलं नाही.

"सर के यहाँ गई थी ना?" तो म्हणाला. "तो पहली कुर्सी में बैठ के बता. ऑर्डर गया तो बत्तीस लोगों का क्या?"

सरांचंच हत्यार, आणि बिनतोड. मी एवढंच म्हणाले, "मुझे नहीं पता. लेकिन उस अँगूठे से मैं और दस्तखत नहीं कराऊँगी."

बगरूच्या वाटेवर गाडीत मी बाईंना सांगितलं. शेवटी त्यांनी स्क्रीनचा माल स्क्रीन म्हणूनच, खऱ्या लेबलावर, निम्माच घेतला. छीपेबाबांकडून मात्र थोड्या खऱ्या चादरी त्यांच्या नावानिशी मागवल्या. कुंवरनं मला काढलं नाही. गोदामात खोकी बांधायला पाठवलं. आणि शेडमधल्या दोघांना कमी केलं.

ते दोघं गेल्याचं सरांना सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटेल हे माहीत होतं. पण ते तीनपैकी कशावरच बसले नाहीत. भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. "खरं बोललीस ते बरोबरच," ते म्हणाले, "पण त्याची किंमत तू दिली नाहीस, मी दिली नाही. त्या दोघांनी दिली. पहिल्या खुर्चीला आपण फार हलकं घेतलं."

मग शनिवारी, कॉलेजातला शेवटचा तास उरकून, सर कुंवरच्या केबिनमध्ये हजर झाले. खडू घेऊन. म्हणाले, तुझा एक धडा राहिलाय. नफ्यातल्या माणसानं तोटा आधी कुणाच्या अंगावर टाकायचा, हा तो धडा. कुंवरला वाटलं, एका दिवसाचं आहे. सर पुढच्या शनिवारी आले, त्याच्या पुढच्याही. गिऱ्हाईक समोर असलं तरी पाऊण तास पुरा करत, हजेरी घेत. गोदामातनं मला ऐकू यायचं, कुंवर विनवतोय, "सर, पास कर दीजिए मुझे!" आणि सर म्हणतायत, "पास नहीं होता. प्रॅक्टिकल बाकी है." सहाव्या शनिवारी ते दोघं कामावर परत आले. कुंवरनं त्या दिवशी सरांसाठी घेवर मागवला. सर म्हणाले, इथं उभं राहायला जागा आहे का?

पुढे बगरूहून बाबांनी सरांसाठी एक चादर पाठवली. पैसे घेतले नाहीत. सरांनी ती उघडली आणि पंचाईत झाली, कारण तिच्यात एकही चूक नव्हती. सगळे जोड जुळलेले, सगळ्या बुट्ट्या ताठ. हजारो चादरींवर चुकणारा ठरलेल्या माणसानं आपलं काम काय असतं ते दाखवून दिलं होतं. सरांना ते पटेना. भिंग घेऊन ते रोज चादरीचा एकेक वीतभर भाग तपासू लागले. काकूंनी मला फोनवर सांगितलं, "यांना आता संशय येतोय की हीच मशीनची आहे."

आठवड्यानं गोदामात माझ्यासाठी फोन आला. सरांचा आवाज चढलेला.

"सापडला गं! कोपऱ्यात, शिवणीच्या अगदी आत. अंगठा!"

"म्हणजे चूक सापडली, सर?"

"चूक कसली? स्वच्छ, ठळक, रेघेसकट उमटवलाय. एकच. त्यानं विचार करून अंगठा दिलाय मला."

मागून काकूंचा आवाज आला, "अगं, त्यांना म्हणावं आता तरी बसा. सकाळपासनं उभेच आहेत."